मागचा स्टॅबिलायझर बार, १६ मिमीवरून १९ मिमी: ऐरोलीतल्या कामाच्या नोंदी

३ नोव्हेंबर २०२४, रविवार

भाऊबीज आटोपून ताईकडून, डोंबिवलीहून, निघायला साडेनऊ झाले. शीळफाट्यावरून मुंब्रा बायपास धरला. डोंगराच्या कडेने रस्ता उतरतो तिथलं एक उजवं वळण. काटा पन्नासच्या जरा खाली, रस्ता कोरडा. स्टिअरिंग फिरवलं तेवढी गाडी वळलीच नाही. नाक डाव्या कडेकडे जात राहिलं. मी आणखी फिरवलं, ॲक्सिलरेटर सोडला, तेव्हा कुठे पुढची चाकं ऐकायला लागली. त्या कडेला ट्रेलर उभा नव्हता हे नशीब, एरवी तिथे असतोच.

बाबा मागून म्हणाले, "पुढून घसरते रे ही." एसटीत मेकॅनिक म्हणून सगळी नोकरी गेलेला माणूस, मागच्या सीटवर बसूनही त्यांना कळतं.

मागचा स्टॅबिलायझर बार जाड करायचं वर्षभर डोक्यात होतं. आज ठरवलं. गॅरेजवाले याला स्टॅबिलायझर रॉड म्हणतात, गाड्यांचे शौकीन स्वे बार किंवा अँटी-रोल बार म्हणतात, वस्तू एकच: डाव्या-उजव्या चाकांना जोडणारी आडवी पोलादी कांब, वळणावर गाडी कलायला लागली की ती पिळली जाते आणि कलणं अडवते.

गाडी २०११ ची पेट्रोल सेडान. ओढ पुढच्या चाकांना, मागे दोन्ही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन, ईएससी (घसरणारी गाडी आपोआप सावरणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा) नाही, १ लाख ८ हजार किमी झालेली. मॉडेलचं नाव मुद्दाम लिहीत नाही. खालची सगळी मापं माझ्या गाडीवर घेतलेली आहेत, आणि एकाच मॉडेलच्या दोन व्हेरिअंटमध्येही बारची जाडी वेगळी असू शकते. ज्याला करायचं त्याने स्वतःच्या गाडीखाली व्हर्निअर घेऊन झोपावं. आणि ज्यांच्या गाडीला मागे टॉर्शन बीम (दोन्ही मागची चाकं जोडणारी एकच आडवी तुळई) आहे, म्हणजे आपल्याकडच्या बहुतेक हॅचबॅक, त्यांचं गणित निराळं. तिथे तो बीम स्वतःच पिळला जाऊन बारचं बरंचसं काम करत असतो.

९ नोव्हेंबर, शनिवार

सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडी मागून उचलली, दोन्ही बाजूंना स्टँड लावले. मी लगेच बारला व्हर्निअर लावायला निघालो होतो. बाबांनी थांबवलं. "आधी ढिलं काय आहे ते बघ. ढिल्या गाडीला नवा पार्ट लावला की नव्या पार्टचा दोष निघतो."

ढिलं बरंच निघालं. बारच्या टोकाला चाकाच्या आर्मशी जोडणारी लिंक रॉड असते. डावी लिंक हाताने हलवली तर बॉल जॉइंटमध्ये सरळ टकटक ऐकू येत होती. म्हणजे गाडी कलायला लागली की बार लगेच कामाला लागत नव्हता, आधी ती मोकळी जागा भरायची आणि मग पीळ सुरू. बारला गाडीशी धरून ठेवणाऱ्या मधल्या कंसातली रबरी बुशं काचेसारखी कडक आणि बारपासून सुटलेली. पुढच्या टायरात हवा २८, दरवाजावरच्या पट्टीवर ३३ लिहिलेलं. ही चूक माझीच. पंपावर "सगळीकडे तीस" सांगायची सवय.

मूळ बार मोजला: तीन ठिकाणी रंग खरवडून १६ मिमी, भरीव.

१७ नोव्हेंबर, रविवार

मोजमापाशिवाय काहीच बदलायचं नाही असं ठरवलंय, नाहीतर पैसे खर्च झाले की गाडी आपोआप चांगली वाटायला लागते. पण मोजायचं कुठे? पाम बीचवर वा घोडबंदर रोडवर असले प्रयोग करायचे नाहीत, तिथे आपल्यामुळे दुसऱ्याचा जीव जाऊ शकतो. मामेभाऊ द्रोणागिरीकडे एका ट्रेलर यार्डाचं काम बघतो. रविवारी दुपारी अर्धं यार्ड रिकामं असतं. सपाट काँक्रीट, गेट बंद, मालकाला विचारून.

पद्धत अशी. जमिनीत खिळा, त्याला १४ मीटर दोरी, गोलावर बारा पाण्याच्या बाटल्या. गाडीचा मध्य साधारण १५ मीटर त्रिज्येच्या वर्तुळावर फिरतो. शिंप्याची टेप स्टिअरिंगच्या कडेला गोल चिकटवली. पूर्ण फेरा ११६ सेमीचा, म्हणजे १ सेमीला साधारण ३ अंश. (टेप फक्त कड्यावर. मधल्या एअरबॅगच्या झाकणावर काहीही चिकटवायचं नाही.) कॉलमच्या कव्हरवर कागदाची काडी लावली, ती काटा म्हणून. मामेभाऊ मागे बसून मोबाइलवर टेपचं चित्रण करणार आणि फेरीची वेळ मोजणार.

आधी चालण्याच्या वेगाने गोल फिरायचं आणि टेपवर आकडा बघायचा. मग त्याच गोलावर ताशी ३० ने फिरायचं. स्पीडोमीटरवर विसंबायचं नाही, ९४ मीटरची फेरी ११.३ सेकंदांत पडली की ३० बरोबर. या वेगाला गाडीवर बाजूने येणारा जोर गुरुत्वाकर्षणाच्या ०.४७ पट. गोल तोच, मग स्टिअरिंग जास्त का वळवावं लागतं? कारण पुढची चाकं बाहेर सरकतात. जितके सेंटिमीटर जास्त, तितकी गाडी पुढून घसरणारी.

हळू: ४८ सेमी. ताशी ३० ला: ५९ सेमी. दोन्ही दिशांना तीन-तीन फेऱ्यांची सरासरी. म्हणजे ११ सेमी जास्तीचे.

मामेभाऊ म्हणाला, "दादा, मळमळतंय." उरलेल्या फेऱ्या सोडल्या.

२४ नोव्हेंबर, रविवार

नव्या लिंका आणि मूळ मापाची नवी बुशं घातली. लिहायला एक ओळ, करायला पाच तास.

लिंकचा नट फिरवला की आतला बॉल जॉइंटही सोबत फिरतो. त्यासाठी स्टडच्या टोकाला एलन की घालायचं षटकोनी भोक असतं. तेरा पावसाळ्यांचा गंज त्या भोकात बसलेला. दाभणाने उकरून, गंज सोडवणारं तेल तीन वेळा मारूनही उजवीकडचं भोक गोल झालं. शेवटी नटाला ग्राइंडर लावून कापला. लिंक टाकायचीच होती म्हणून चाललं, पण ठिणग्यांच्या बाजूला ब्रेकचा रबरी पाइप होता. त्यावर ओलं गोणपाट गुंडाळलं आणि बाबा पाण्याची बादली घेऊन शेजारी उभे राहिले.

त्याआधी डावीकडे मला लागलं. वेळ वाचवायला मी फक्त डावी बाजू उचलली होती. उजवं चाक जमिनीवर, डावं लोंबकळलेलं, आणि बार या दोघांच्या मध्ये पिळलेला. स्प्रिंगच ती. नटाचा शेवटचा आटा सुटला तशी लिंक उसळली आणि उजव्या हाताच्या दोन बोटांवर बसली. कातडं सोललं, हाड वाचलं. बाबांनी हळद लावत एवढंच सांगितलं, "बारला हात लावायचा तर दोन्ही चाकं एका पातळीत." दोन्ही चाकं लोंबकळलेली किंवा दोन्ही टेकलेली. एक वर, एक खाली असेल तर बारमध्ये पीळ असतो आणि तो कुठेतरी सुटणारच.

संध्याकाळी अलाइनमेंट. मागचा टो (चाकाचं तोंड आत-बाहेर किती वळलंय तो कोन) एका बाजूला बाहेर गेला होता, तो सरळ करून घेतला. हवा पट्टीप्रमाणे.

१ डिसेंबर, रविवार

यार्ड. ताशी ३० ला ५७ सेमी. जास्तीचे ९.

म्हणजे ११ चे ९ झाले ते केवळ हवा, लिंका, बुशं आणि अलाइनमेंट यांनी. जाड बार आधी बसवला असता तर हे श्रेयही त्यालाच गेलं असतं.

८ डिसेंबर, रविवार

आज वहीवरचं काम. गॅरेजांत, मित्रांत, सगळीकडे एकच वाक्य ऐकतो: "मागचा बार जाड केला की मागची पकड वाढते." हे उलटं आहे, आणि उलटं समजून बसवलं तर पावसात महागात पडेल म्हणून जरा सविस्तर लिहितो.

वळणावर गाडीचा भार आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर सरकतो. एकूण किती सरकेल हे वेग, वळण, गाडीच्या गुरुत्वमध्याची उंची आणि चाकांमधली रुंदी ठरवते. बार जवळजवळ काहीच ठरवत नाही. बार ठरवतो तो त्यातला किती पुढच्या जोडीने उचलायचा आणि किती मागच्या. पालखीचं वजन तेवढंच राहतं, पुढच्या भोयांच्या खांद्यावर किती आणि मागच्यांच्या किती, एवढंच बदलतं.

आता टायरचा स्वभाव. टायरवरचा भार दुप्पट केला तर पकड दुप्पट होत नाही, त्याहून कमी वाढते. म्हणून दोन टायरांवर सारखा भार असेल तर जोडीची पकड जास्त. एकावर खूप आणि दुसऱ्यावर थोडा असेल तर तीच जोडी कमी धरते. मागचा बार जाड केला की मागच्या जोडीत ही विषमता वाढते, म्हणजे मागची पकड कमी होते. पुढच्या जोडीतली विषमता तेवढी घटते, पुढची पकड वाढते. माझ्या गाडीत इंजिन पुढे, ओढ पुढे, वळवणंही पुढे. पुढच्या टायरांवर आधीच तिप्पट काम आहे. कंपन्या अशा गाड्या जाणूनबुजून पुढून घसरतील अशा बनवतात, कारण घाबरलेला माणूस ॲक्सिलरेटर सोडतो आणि पुढून घसरणारी गाडी त्याने सावरते. मागून घसरणारी त्यानेच फिरते. मी त्या सुरक्षिततेतला थोडा वाटा काढून पुढे देणार आहे. किती काढायचा, हाच या कामातला खरा प्रश्न.

भरीव बारचा कडकपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. १६ चा १८ केला तर १.६ पट. १९ केला तर १.९९, म्हणजे जवळजवळ दुप्पट. २२ केला तर साडेतीन पटीच्या वर. तीन मिलिमीटर बोटांत धरून बघितले तर काहीच वाटत नाहीत. बावीसला मी हात लावणार नाही. ही गाडी बायकोही चालवते, आणि ती जुलैमध्येही चालवते.

१४ डिसेंबर, शनिवार

कुर्ल्याचा सीएसटी रोड. जुन्या गाड्यांचे पार्ट शोधायला दुसरीकडे कुठे जाणार! माझ्याच मॉडेलची वरची, स्पोर्ट्स सस्पेन्शनवाली आवृत्ती काही काळ येत होती, तिचा मागचा बार मिळाला तर लिंका, कंस, वाक सगळं जागच्या जागी बसेल.

पहिल्या दोन दुकानांत नकार. तिसऱ्यात पोरगा आतून पोकळ बार घेऊन आला, बाहेरून २२, आतून १६. "हलका आहे साहेब, म्हणून स्वस्त." हलका बार कमजोर असं नसतं. पिळाला विरोध करणारं पोलाद मुख्यतः बाहेरच्या थरातलं. तेवढ्या पोकळीने वजन निम्म्याहून खाली येतं, पण कडकपणा भरीव २२ च्या ७२ टक्के उरतो. हिशेब केला तर तो पोकळ तुकडा माझ्या जुन्या बारच्या अडीच पटीच्या वर जात होता. नको.

पाचव्या दुकानात, सायलेन्सरांच्या ढिगामागे, हवा तो सापडला. रंग उडालेला, पण व्हर्निअर तीनही जागी १९. सपाट फरशीवर ठेवून बघितला, दोन्ही टोकं एकदम टेकली, म्हणजे वाकलेला नाही. चार हजार सांगितले, सव्वीसशेला दिला. माझ्या गाडीवरून काढलेला १६ चा फोटो शेजारी धरला. वाकांची ठेवण तीच.

२२ डिसेंबर, रविवार

भंगारातला बार, त्याचं आधीचं आयुष्य ठाऊक नाही. तडा असेल तर? बाबांनी एसटीतली जुनी रीत काढली. रेल्वेच्या वर्कशॉपांतही ही वापरत. बार तारेच्या ब्रशने आणि पॉलिश पेपरने स्वच्छ केला, वाकांच्या जागी तर धातू चकाकेपर्यंत. मग रॉकेलमध्ये भिजवलेलं फडकं तासभर गुंडाळून ठेवलं. पुसून कोरडा केला. वरून खडूची भुकटी स्पिरिटमध्ये कालवून पातळ थर दिला. थर वाळला की पांढराशुभ्र होतो. तडा असेल तर त्यात मुरलेलं रॉकेल हळूहळू बाहेर येतं आणि पांढऱ्यावर केसासारखी करडी रेघ उमटते.

आम्ही दोघं वीस मिनिटं त्या बारकडे बघत बसलो. डाव्या वाकाजवळ काळसर ठिपका आला, माझा श्वास अडकला. बाबांनी नखाने खरवडला, जुन्या रंगाचा कण होता. रेघ कुठेच नाही.

मग प्रायमर, काळा रंग. बारला वेल्डिंग करायचं नाही, गरम करून वाकवायचा नाही, खोल ग्राइंडर मारायचा नाही. हे स्प्रिंगचं पोलाद असतं. उष्णतेने त्याचं पाणी उतरतं आणि ओरखड्यापासून तडा सुरू होतो.

१९ च्या मापाची रबरी बुशं नवी मिळाली. दुकानदाराने पॉलियुरेथेनची दाखवली होती. ती जास्त कडक, पण सिलिकॉन ग्रीस नीट भरलं नाही तर कुरकुरतात. मी रबरी घेतली. रबराला साधं ग्रीस लावायचं नाही, रबर फुगतं. साबणाच्या पाण्याचा हात पुरतो.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीपत्रातल्या तपशिलाशी कंपनीच्या मूळ तपशिलाचा मेळ बसणार नाही असे बदल करता येत नाहीत. स्टॅबिलायझर बारचा तपशील माझ्या आरसीवर नाही आणि पार्ट कंपनीचाच आहे. तरीही विमा कंपनीला लेखी कळवून पोच ठेवली.

२९ डिसेंबर, रविवार

बसवला. नोव्हेंबरात सगळे आटे सुटून गेले होते, त्यामुळे आज सकाळी आठला सुरू केलं आणि साडेदहाला पोहे खाल्ले.

दोन्ही बाजू स्टँडवर, दोन्ही चाकं सारखी लोंबकळलेली, पुढच्या चाकांना लाकडी ठोकळे. लिंकचे दोन नट १४ च्या गोटीने, कंसांचे चार बोल्ट १२ ने. जुना बार सायलेन्सरच्या पाइपवरून तिरका करून डावीकडून निघतो. नुसता ओढला तर अडतो, उजवं टोक आधी वर न्यावं लागतं. नवा त्याच वाटेने आत. सगळे बोल्ट आधी हाताने, मग बार मध्यावर आणला, मग टॉर्क रेंच (ठरलेल्या जोरानेच आवळणारा पाना). सर्व्हिस मॅन्युअलप्रमाणे कंसांना २२ न्यूटन-मीटर, लिंकांना ३९.

सोसायटीतून बाहेर पडताना गेटजवळचा गतिरोधक दोन्ही चाकं एकदम घेतात, तिथे काही फरक नाही. तसाच असायला हवा. दोन्ही चाकं सोबत वर गेली तर बार नुसता फिरतो, पिळत नाही.

५ जानेवारी २०२५, रविवार

यार्ड. कोरडं काँक्रीट, टायरांत तीच हवा, टाकीत अंदाजे तेवढंच पेट्रोल, मामेभावाच्या जागी त्याचा मित्र, वजनाने तसाच.

हळू ४८. ताशी ३० ला ५३.५. जास्तीचे साडेपाच.

९ चे साडेपाच! आकडा लिहिताना मलाच पुन्हा चित्रण बघावंसं वाटलं, आणि बघितलं. मोठा फरक मात्र आकड्यात नाही, सुरुवातीला आहे. पूर्वी स्टिअरिंग फिरवल्यावर गाडी आधी कलायची, क्षणभर विचार करायची, मग वळायची. आता मागचा भाग पुढच्याबरोबरच निघतो. गाडी लांबीने कमी झाल्यासारखी वाटते.

११ जानेवारी, शनिवार

आवाज. डाव्या मागच्या बाजूने, फक्त एका चाकाने खड्डा घेतला की टक्. घणसोलीच्या सिग्नलजवळ पेव्हर ब्लॉकची कड आहे, तिथे हमखास. सगळे बोल्ट टॉर्क रेंचने तपासले, एकही हलला नाही.

मग खडू घेतला. दोन्ही बुशांच्या कडेला बारवर पांढरी रेघ ओढली, बुशाला अगदी चिकटून. ऐरोलीहून विटाव्यापर्यंत जाऊन आलो आणि पुन्हा खाली झोपलो. डावीकडे रेघ आणि बुश यांच्यामध्ये पाच मिलिमीटर काळा बार दिसत होता. उजवीकडची रेघ बुशाखाली गेलेली. बार आडवा सरकत होता आणि सरकला की त्याचा डावा वाक सायलेन्सरच्या हँगरला टेकत होता. हँगरवर रंगाचा ठिपकाही सापडला.

कारण जुना बार शेजारी ठेवल्यावर कळलं. त्यावर बुशांच्या आतल्या बाजूला दोन लोखंडी कडी दाबून बसवलेली आहेत, ती बारला सरकू देत नाहीत. भंगारातल्या बारवर ती नव्हतीच, कुणीतरी काढलेली किंवा गंजून पडलेली. मी वाक, जाडी, तडा सगळं तपासलं आणि ही दोन कडी बघायची राहिली.

१९ जानेवारी, रविवार

रबाळे एमआयडीसीत ओळखीच्या लेथवाल्या काकांकडून दोन कडी करून घेतली. मधून कापलेली, दोन भागांची, एम६ च्या बोल्टांनी आवळायची, आतला व्यास १९. आतल्या कडा गोल करायला सांगितल्या, म्हणजे बारवर ओरखडा पडणार नाही. काकांनी विचारलं, "कशाला रे, पंप आहे का?" समजावून सांगितल्यावर त्यांनी आतून पितळी पत्र्याची पातळ पट्टी घालायची सूचना केली. पट्टीचा हिशेब धरून आत थोडं जास्त कापलं. पैसे घ्यायला तयार नव्हते, चहावर भागलं.

बसवली. नव्या रेघा ओढल्या. आठवडाभर रोज संध्याकाळी टॉर्च घेऊन बघणार.

२६ जानेवारी, रविवार

रेघा जागच्या जागी. आवाज नाही.

२३ फेब्रुवारी, रविवार

महिनाभराचा वापर. मुंब्रा बायपासचं तेच वळण, तोच वेग, गाडी रेघेत जाते. खारेगावकडच्या गोल रॅम्पवर स्टिअरिंग एकदा धरलं की सुधारावं लागत नाही. बायकोने कुणी न सांगता पहिल्याच दिवशी म्हटलं, "आता ही एकसंध वाटते."

किंमतही मोजावी लागली, ती लिहायलाच हवी. एका बाजूचं चाक खड्ड्यात गेलं की झटका बारवाटे दुसऱ्या बाजूलाही जातो. घोडबंदर रोडच्या सर्व्हिस रोडवर मागच्या सीटवरच्या माणसाचं डोकं डावीकडून उजवीकडे हलतं. भाची मागे बसून पुस्तक वाचत होती, कासारवडवलीपर्यंत तिने पुस्तक मिटलं. आईला मागे बसवतो तेव्हा मी आता खड्डे जास्त सावकाश घेतो.

२७ मे, मंगळवार

पाऊस कालच मुंबईत दाखल झाला, २६ मेला. दरवर्षीची तारीख ११ जून. मला वाटलं होतं मागच्या टायरांचा विचार करायला दोन आठवडे आहेत.

टायरच्या कडेवरचे चार आकडे वाचले: ३४१८. म्हणजे २०१८ सालचा चौतिसावा आठवडा, जवळपास सात वर्षं. नक्षी ३ मिमी शिल्लक, कायद्याच्या १.६ च्या वर. पण रबरात नख रुतत नाही.

१ जून, रविवार

यार्ड ओलं, पाणी साचलेलं नाही. ताशी २० पासून सुरुवात, प्रत्येक वेळी थोडं वाढवत. २६ ला सगळं ठीक. २८ ला मुद्दाम ॲक्सिलरेटर एकदम सोडला, घाबरलेला माणूस सोडतो तसा. मागचा भाग बाहेर निघाला. हळू नाही, एकदम. स्टिअरिंग उलटं दिलं, दोन बाटल्या उडाल्या, गाडी तिरकी थांबली. मोकळं यार्ड होतं. हेच विटाव्याच्या वळणावर, शेजारी रिक्षा असताना झालं असतं तर सावरायला जागा नव्हती.

डिसेंबरात वहीत लिहिलेलं वाक्य आज पाठीत जाणवलं. मागची पकड मीच कमी केली होती, आणि उरलेली सात वर्षांच्या रबराने खाल्ली.

घरी येऊन अंधार पडायच्या आत जुना १६ चा बार परत बसवला. बायकोला सांगितलं काय झालं ते. ती म्हणाली, "मग नवीन टायर येईपर्यंत मी लोकलने जाते." बार बदललाय म्हटलं तरी दोन दिवस ती लोकलनेच गेली.

१५ जून, रविवार

दोन नवे टायर, तारीख त्याच वर्षातली, आणि दोन्ही मागे. दुकानातला मुलगा पुढे घालायला निघाला होता, "गाडी पुढून ओढते ना साहेब." ओढते पुढून, पण फिरते मागून. नव्या टायरांची जागा मागेच, आणि जाड बार असेल तर त्यावर चर्चाच नको.

१९ चा बार पुन्हा वर, कड्यांसकट. यार्ड, पुन्हा ओलं. २८ ला ॲक्सिलरेटर सोडला, मागचा भाग किंचित आत वळला आणि थांबला. ३० ला तेच. ३२ ला पुढची चाकं आधी घसरली. मला हेच हवं होतं, ओल्यात शेवटचा शब्द पुढच्या चाकांचा असावा. दहा वेळा केलं, दहाही वेळा तसंच.

मागच्या टायरांची नक्षी ४ मिमीच्या खाली आली की १६ चा बार परत, मग वर्षाचा कुठलाही महिना असो. डिकीच्या झाकणाला आतून तशी चिठ्ठी चिकटवली आहे, बायकोच्या अक्षरात.

१३ जुलै, रविवार

१९ चा बार पुन्हा चढवल्यापासून दीड हजार किमी. सगळे बोल्ट टॉर्क रेंचने तपासले: कंसांचे चारही जागच्या जागी, उजव्या लिंकचा नट पाव फेरा आवळला गेला. बुशांना चीर नाही. कड्यांच्या बोल्टांना गंज धरायला लागलाय, त्यांना रंगाचा हात दिला.

काल रात्री डोंबिवलीहून येताना गाडी बायको चालवत होती. बायपासवर पाऊस होता. त्या वळणावर तिने वेग चाळीसवर आणला, गाडी आतल्या कडेने वळली. बाबा मागे होते, झोपलेले.

खडूच्या रेघा चिखलाखाली गेल्या होत्या. ओल्या फडक्याने पुसून जागा कोरडी केली आणि नव्या ओढल्या.